पिंपवाल्या ओस्मेरचा राग

ओस्मेर आमच्या शेजारचा. पिंपं करायचा. ओकच्या फळ्या वाफेवर वाकवताना असे दातओठ खायचा की वाटावं, लाकूड त्याच्या धाकानेच वाकतंय.

डोंगरावरच्या धन्यांनी आम्हाला सोडलं त्याला एक पिढी उलटली होती. गळ्यातले पट्टे निघाले, चौकात भाषणही झालं. नावं मात्र त्यांच्याकडेच राहिली. आमच्यात मूल जन्मलं की त्याला घट्ट कानटोपी बांधतात आणि कुणीही त्याच्या कानाशी तोंड नेत नाही. आई अंगाईसुद्धा हातभर लांबून म्हणते. कारण ज्याच्या तोंडून पहिलं नाव कानात पडलं, त्याने ते नाव घेऊन सांगितलेलं त्या माणसाचे पाय जन्मभर ऐकतात. त्याने हाक मारली की निघतात, मनाला विचारत नाहीत. पूर्वी मुलं नाव ठेवायला डोंगरावर न्यावीच लागत. आता सक्ती नाही, तरी लोक नेतात. "रीत आहे," म्हणतात. "आणि बोलावतात तरी कधी? द्राक्षं तुडवायला, बस." मीही पीठ अर्धवट मळून, भरल्या हातांनी तो चढ चढले आहे. परत आले तर चूल विझलेली आणि पोरं रडून झोपलेली.

ओस्मेरची बहीण तीरेन नदीपलीकडे राहायची. धनी अर्थेलने तिला हाक मारली तेव्हा नदीला पूर होता. तिचे पाय सरळ पाण्यात गेले. अर्थेल खाली आला आणि म्हणाला, "पुराचं आमच्या लक्षातच आलं नाही." धनी स्वतः भेटायला आले म्हणून आमच्याच लोकांनी त्याचे आभार मानले. त्या दिवसापासून ओस्मेरने डोंगरासाठी पिंप केलं नाही.

मग त्याला मुलगी झाली.

"हिला वर न्यायचं नाही," त्याने सांगून टाकलं.

"मग नाव कोण ठेवणार? तू?" त्याची आई बुद्राकाकू म्हणाली.

"कुणीच नाही. मोठी झाली की स्वतःचं स्वतः ठेवील."

"आणि तोवर काय, ए आणि अगं? बिननावाच्या पोरीला पाणवठ्यावर कोण उभं करील? मोठा आलाय धनी."

"तो शब्द या घरात नको, आई."

"शब्द झोंबला. पिंपं पडून आहेत ते नाही झोंबत."

त्याची बायको दाल्का कुंपणापाशी येऊन मला म्हणाली, "दोघांचंही खरं आहे वहिनी, म्हणून तर जीव नकोसा झालाय."

एक दिवस ओस्मेर लाकडं आणायला निघाला आणि इकडे बुद्राकाकू नातीला शालीत गुंडाळून डोंगराकडे चालती झाली. नातीचं भलं व्हावं म्हणूनच, यात मला शंका नाही. मी ते पाहिलं, धावत जाऊन ओस्मेरला गाठून सांगितलं, आणि त्याच्या मागोमाग मीही वर गेले.

वरच्या अंगणात काकू बाकावर बसली होती. पोर मांडीवर, कानटोपी सोडलेली. अर्थेल तिच्या कानाशी वाकत होता. माझ्या आजीने पाहिलेला तोच चेहरा, एक केस पांढरा नाही.

"लांब हो तिच्यापासून," ओस्मेर म्हणाला.

अर्थेलने मान वर केली. हसला. "जागेवर उभा राहा, ओस्मेर."

पाय जमिनीला चिकटले. पण धावत आलेलं अंग कसं थांबणार? तो पालथा पडला, आईच्या घागऱ्याचा काठ धरून त्याने तिला जवळ ओढलं, पोरीला हिसकावून घेतलं आणि तिच्या कानाला तोंड लावलं. काय म्हणाला ते कुणालाच ऐकू आलं नाही.

अर्थेल सावकाश सरळ झाला. "म्हणजे आता धनी तू," तो म्हणाला. "आम्हीही कुणाला तरी वाचवायलाच सुरुवात केली होती."

ओस्मेरचा चेहरा मी विसरणार नाही. मार खाल्ल्यावर माणसाचा असा चेहरा होत नाही. मग कंटाळून अर्थेल "जा, ओस्मेर" म्हणाला, तेव्हा कुठे त्याचे पाय सुटले.

ते नाव त्याने पुन्हा कधी उच्चारलं नाही. दाल्कालाही सांगितलं नाही. गाव पोरीला 'पिंपवाल्याची' म्हणायचं. ती विस्तवात हात घालायला गेली तर तो उठून तिला उचलायचा, रानात रुसून बसली तर कोसभर हिंडून शोधायचा. लोक हसायचे. "एक हाक मार ना रे, गुडघे तरी वाचतील." बापासारखीच तापट झाली ती. वयात आल्यावर एका सकाळी भांडली आणि मिठाच्या गाड्यांबरोबर समुद्राकडे निघाली.

"हाक मारा तिला," दाल्का म्हणाली. "अजून खिंडीत असेल. एकदाच मारा, मी पाया पडते तुमच्या."

त्याने जबडा आवळला आणि लोखंडी कडं पिंपावर ठोकायला घेतलं. दाल्काने त्याच्या पाठीवर गुद्दे मारले, त्याच्या सगळ्या खानदानाला शिव्या दिल्या. तो ठोकत राहिला. गाड्या खिंडीआड गेल्या, धूळही बसली.

दुपारी मी जवाची भाकरी आणि कांदा घेऊन गेले. त्याने घास तोडला आणि परत भाकरीवर ठेवला.

"गेली, वहिनी," तो म्हणाला. "स्वतःच्या पायांनी गेली."

मग डोंगराकडे तोंड करून तो थुंकला आणि हातोडा उचलला.