वास पाहुणा, झिणझिण घरची

तिरफळचाचांच्या दुकानात गिऱ्हाईक कितीही घाईत असो, आधी त्याला गप्प उभं राहावं लागायचं. चाचा बरणीतून एक तिरफळ काढायचे, त्यातलं काळं बी नखाने उडवायचे आणि टरफलाचा अर्धा तुकडा गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवायचे. तुकडा जिभेवर गेला की चाचांचं उजवं बोट वर. ते खाली येईपर्यंत बोलायचं नाही. नवखा माणूस बिचकायचा, कारण बघता बघता जिभेवर मुंग्या चढायच्या, ओठ आपले राहायचे नाहीत आणि समोर हा पांढऱ्या दाढीचा माणूस बोट वर करून शांत बघत असायचा. मग बोट खाली यायचं आणि चाचा म्हणायचे, "हं, आता सांगा, किती देऊ?" आता बोलता कुणाला येतंय! लोक खुणेनेच सांगायचे.

ज्यांच्या घरी बांगडा शिजत नाही त्यांच्यासाठी सांगते. तिरफळ म्हणजे मिरीएवढं फळ. वाळलं की उकलतं, आतलं बी टाकून द्यायचं आणि टरफल ठेचून कालवणात घालायचं, तेही शेवटी, उतरवायच्या बेताला. ते नसेल तर आमच्या आईच्या लेखी ते बांगड्याचं कालवणच नव्हे, नुसतं लाल पाणी. आम्ही राहायचो नवीन पनवेलला सेक्टरमध्ये, पण तिरफळासाठी आई मला रेल्वेच्या पलीकडे जुन्या गावात चाचांकडेच पिटाळायची. जवळच्या वाण्याकडून आणलं तर तिला वासावरून कळायचं, आणि मग माझी खैर नसायची.

चाचा वीस वर्षं कुवेतला एका मेसमध्ये आचारी होते. परत आल्यावर त्यांनी मसाल्याचं हे दुकान टाकलं. दुकानामागे घर आणि घरामागे तिरफळाचं झाड. त्यांच्या वडिलांनी राजापूरकडून पत्र्याच्या डब्यात आणलेलं. चाचा त्या झाडाला खाला म्हणायचे, म्हणजे मावशी. "खाला यंदा रुसलीय," असं म्हणाले की समजावं, फळ कमी धरलंय. खालाच्या अंगावर खोडापासून फांदीपर्यंत टपोरे काटे. वर चढायची सोय नाही, म्हणून चाचा लांब काठीला आकडी बांधून घोस ओढायचे. ओढण्याआधी बिस्मिल्ला म्हणायचे आणि ओढून झाल्यावर खोडाला सांभाळून, दोन काट्यांच्या मधे, थोपटायचे.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. गेल्या वर्षीचं तिरफळ चालेल का, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "वास पाहुणा, झिणझिण घरची." पाहुणा येतो, चार दिवस घर भरून टाकतो आणि जातो. घरची माणसं मात्र मागे राहतात. मला तेव्हा ते दुकानदाराचं बोलणं वाटायचं.

पुढे मी मुंबईला पीएचडीला लागले आणि विषय घेतला तिरफळाचाच. एका झाडाच्या तिरफळाला घमघमाट आणि दुसऱ्याला जेमतेम वास, असं का, याचं उत्तर झाडाच्या जनुकांत शोधायचं होतं. मोठ्या ऐटीत मी चाचांकडून अर्धा किलो तिरफळं नेली, दळली, तेल काढलं. आकडे आले ते इतके फिके की माझ्या गाईडबाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. रडवेली होऊन मी चाचांकडे आले. तुमचा माल जुना होता का, असंही विचारलं, ही माझी अक्कल! चाचांनी शांतपणे विचारलं, दळताना बी काढलंस ना? मी काढलं नव्हतं, आणि वास तर सगळा टरफलातच असतो. पुस्तकात फळ दळा असं लिहिलं होतं, मी अख्खं फळ दळलं. जन्मभर आईच्या ओट्यावर तिरफळाचं बी टाकून देत आलेली मुलगी मी, पांढरा कोट चढवला आणि घरचं शहाणपण विसरले. चाचा आठवडाभर हसत होते. येणाऱ्या प्रत्येकाला ही कथा ऐकवली आणि माझं नाव पडलं ते कायमचं, बीवाली.

खरं काम सुरू झालं ते खालाखालीच. जनुकं कामाला लागलेली बघायची तर वाळलेलं फळ उपयोगाचं नाही. हिरवं तोडून तिथल्या तिथे गोठवावं लागतं. मी द्रव नायट्रोजनचा थर्मास घेऊन जायचे. झाकण काढलं की पांढरी वाफ जमिनीवर पसरायची आणि चाचांची बेगम दारातून म्हणायची, आली तुमची जादूगारीण. चाचा आकडीने घोस ओढायचे, मी हातमोजे घालून टरफलं सोलायचे. बी बाजूला! ते वाकून वाकून तपासायचे.

दोन वर्षांनी उत्तर हाती लागलं तेव्हा मी आधी त्यांच्याकडेच धावले. वास बनवणारं जे मुख्य जनुक मला मिळालं होतं ते कर्नाळ्याच्या रानातल्या बिनवासाच्या झाडातही होतं. पण खालाकडे त्याच्या आधीचा एक छोटा तुकडा वेगळा होता, आणि त्यामुळे ते जनुक तिच्याकडे कितीतरी जास्त चालत होतं. झिणझिण आणणारी जनुकं निराळीच, त्यांचा या वासाशी संबंध नाही. हे सगळं मी घाम पुसत समजावलं. चाचा आचारी माणूस. थोडा विचार करून म्हणाले, "म्हणजे चूल दोघींच्या घरी आहे. खालाच्या घरी आच मोठी." माझ्या प्रबंधाची दोनशे पानं त्या एका वाक्यात बसली, आणि मला त्यांचा हेवा वाटला.

मग कोरोना आला. दुसऱ्या वर्षी चाचांना ताप आला, पंधरा दिवसांनी उतरला, दुकान उघडलं, बोट पुन्हा वर जाऊ लागलं. सगळं पहिल्यासारखं. एकदा मी गेले तर त्यांनी नेहमीसारखा तुकडा हातावर ठेवला. मी तो नाकाशी नेला आणि थबकले. त्याला बुरशीचा कुबट वास येत होता. असा माल चाचा उकिरड्यावरही टाकणार नाहीत. त्यांनी स्वतः एक तुकडा चावला, बोट वर केलं, थांबले, मान डोलावली. बरोबर आहे म्हणाले. मी तुकडा मुठीत मिटला. पण माझ्या चेहऱ्यावर काहीच लपत नाही, हा माझा जुना रोग. त्यांनी बरणी ओढून घेतली, झाकण लावलं आणि खाली बघत म्हणाले, "खुशबू गेली, बेटा. तापात गेली ती आलीच नाही. कुणाला बोलू नकोस." त्यांच्या बेगमलाही ठाऊक नव्हतं. मला भडभडून आलं, पण त्यांच्यासमोर रडायची हिंमत झाली नाही.

त्याच वर्षी घर पाडून इमारत बांधायचं ठरलं. दोन मुलगे, एक दुबईला, एक न्हावा शेवाला कंटेनरच्या कामात. दोघेही सज्जन, पण त्यांच्या नकाशात खालाच्या जागी गाड्या लावायची सोय होती. चाचा भांडले नाहीत. मला बोलावलं आणि म्हणाले, खालाचं पोर जगवायचं. कलम मी आधी दोनदा बांधून पाहिलं होतं, दोन्ही वेळा काडी वाळली. आणि तिरफळाचं बी सहजासहजी रुजत नाही. चाचांच्या मते ते पाखराच्या पोटातून यावं लागतं. परसातल्या विजेच्या तारेवर बुलबुल बसायचे आणि बरोबर त्या तारेखाली तीन रोपं आली होती. एक तर कमरेएवढं.

चाचांच्या बहिणीचं घर जासईच्या पुढे. तिला मीही फुफीच, म्हणजे आत्या, म्हणायचे. फुफीच्या परसात एका झाडापुरती जागा होती, बाकी राज्य कोंबड्यांचं. मी तिन्ही रोपांची पानं नेऊन तपासली. खालाचा तो मोठ्या आचेचा तुकडा दोघांत उतरला होता, तिसऱ्यात नाही. आता दोघांतून एक निवडायचं. फळ मादी झाडालाच धरतं, आणि नर की मादी, ते फुलोरा येईपर्यंत कळणार नव्हतं. ते नशिबावर. पण वास पानालाही येतो, आणि तो ओळखणारं पनवेलमधलं एकमेव नाक बंद पडलं होतं.

चाचा म्हणाले, तू हुंग, मी सांगतो काय शोधायचं. एक अख्खी दुपार आम्ही खालाखाली बसलो. आधी खालाचं पान चोळून माझ्या नाकाशी धरलं आणि शिकवलं. पहिल्यांदा संत्र्याची साल येईल, तिच्यावर भुलू नकोस, ती सगळ्यांकडे असते. तिच्या मागे रंधा मारलेलं लाकूड. आणि सगळ्यात शेवटी, सबर केलास तर, माठाच्या तोंडाशी असतो तसा गारवा. जो वास त्यांना आता येत नव्हता, तो त्यांनी मला आठवणीतून पायरी पायरीने दाखवला. मी इतकी वर्षं यंत्रांतून तो वास मोजला होता, पण माठाचा गारवा मला त्या दुपारी पहिल्यांदा कळला. कमरेएवढ्या रोपात तो होता. तेच आम्ही नेलं.

खालाला तोडलं त्या दिवशी चाचांनी दुकान उघडं ठेवलं. मागून करवतीचा आवाज येत होता. एक गिऱ्हाईक आलं, चाचांनी तुकडा दिला, बोट वर केलं आणि खाली आणायला विसरले. गिऱ्हाईक बिचारं कितीतरी वेळ तसंच उभं होतं.

फुफीच्या परसातलं झाड वाढलं. कंटेनरच्या गाड्यांची धूळ खाऊन वाढलं. बेगम गेल्यावर चाचाही तिकडेच राहायला गेले. गेल्या वर्षी झाडाला फुलोरा आला, मादी निघाली, आणि दिवाळीच्या आगेमागे चार घोस लागले. फुफीने फोन केला तशी मी निघाले. चाचा खाटेवर होते, बरेच थकलेले. मी बी काढून अर्धं टरफल त्यांच्या हातावर ठेवलं, अर्धं मी घेतलं. बोट वर गेलं. खाली आलं तेव्हा त्यांचे डोळे भरले होते.

"झिणझिण खालाचीच," ते म्हणाले. आणि मग, "वास? खरं सांग, बीवाली. मला कळणार नाही, म्हणून खरं सांग."

हो म्हणून टाकावं असं फार वाटलं. कोण तपासणार होतं? पण ज्या माणसाने बुरशीची बरणी माझ्या एका चेहऱ्यावरून बंद केली, त्याला मी काय फसवणार! मी सांगितलं. संत्रं आहे. माठाचा गारवाही आहे, थोडा कमी. लाकूड नाही. त्याऐवजी काहीतरी वेगळंच आहे, आंबेहळदीसारखं, ते खालाकडे नव्हतं.

चाचांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, मी चूक केली. मग त्यांची दाढी हलायला लागली आणि मला कळलं की ते हसतायत. "ते बापाचं," ते म्हणाले. "कर्नाळ्याचा जावई दिसतो. चालेल. पोरीने आईचंच घ्यावं असं कुठे आहे?"

महिन्याभराने ते गेले. फुफीने माझ्यासाठी एक डबा ठेवला होता. खालाच्या शेवटच्या तोडणीची तिरफळं, चाचांनी बी काढून ठेवलेली, एकूण एक. घरी आणून मी डबा उघडला. वास उडून गेला होता. डब्यात अगदी नाक घातलं तरी काही नाही. एक टरफल मोडलं, अर्धं जिभेवर ठेवलं आणि थांबले. हळूहळू मुंग्या चढल्या.

आई ओट्यापाशी बांगडे धूत होती. कसं आहे गं, तिने विचारलं. मी बोट वर केलं. आई हात तसेच ओले ठेवून उभी राहिली.