पंख्याने बरी झालेली डबी

ऑफिसात त्यांना सगळे ‘डॉक्टर’ म्हणत. चिडवता चिडवता चिकटलेलं नाव ते. पुढे पुढे तर खऱ्या नावाने कुणी हाक मारली की तेच मागे वळून पाहत, हा कोण बुवा नवीन आला!

त्यांचे पेशंट म्हणजे बोटभर लांबीच्या धातूच्या डब्या. नेटवर्कच्या यंत्रांत त्या ओळीने खोचलेल्या असत. यंत्रातला संदेश डबीत लेसरचा प्रकाश होतो आणि काचेच्या तारेतून दूरच्या गावी पळतो. पलीकडेही तशीच एक डबी बसलेली असते. या डब्यांचा एक गुण असा, की त्या आपली तब्येत आपणच सांगतात. अंगात ताप किती, प्रकाश दिला किती, आला किती, आणि तेवढ्यासाठी वीज खाल्ली किती. डॉक्टरांनी दिवसभर पडद्यासमोर बसून ते वाचायचं. हिरवं असेल तर बरं, पिवळं झालं तर लक्ष ठेवायचं, आणि लाल झालं की आटोपलं.

“अहो, त्या डब्यांना कणकण आली तरी तुम्हाला कळतं,” बायको एकदा ताट वाढताना म्हणाली. “मी काल दिवसभर तापाने फणफणले होते.”

“किती होता?” डॉक्टरांनी तत्परतेने विचारलं.

बायकोने भाजीचं पातेलं उचललं आणि ती तरातरा आत निघून गेली.

तर अशा या माणसाचा जीव एका डबीत अडकला होता. वरच्या फळीवरच्या या डबीची तार डोंगरापलीकडच्या खोऱ्यात जात असे. तिथे त्यांची ताई राहायची. आई गेल्यावर हिनेच त्यांना वाढवलं, शाळेत ओढत नेलं, वेळप्रसंगी धपाटेही घातले. आता तिची स्मरणशक्ती विरत चालली होती. चष्मा कुठे ठेवला हे आधी गेलं, मग शेजारणीचं नाव गेलं, मग नवरा वारला आहे हेही गेलं. रोज संध्याकाळी डॉक्टर व्हिडिओ कॉल लावत. ताईला सांभाळणाऱ्या बाई फोन समोर धरत आणि ताई खुलून म्हणे, “अरे गुंड्या, जेवलास का? किती रे वाळलास!” गुंड्याचं पोट टेबलाला टेकलेलं असे, पण ते असो.

“रोज दिसता म्हणून ओळखतात हो त्या तुम्हाला,” बाई म्हणाल्या होत्या. “खाडा करू नका.”

आणि नेमकी तीच डबी पिवळी झाली. तेवढाच प्रकाश द्यायला ती दिवसेंदिवस जास्त वीज खाऊ लागली होती, थकलेल्या माणसाला रोजचाच जिना चढताना दम लागावा तशी. लांब पल्ल्याची तशी डबी कपाटात एकच शिल्लक होती. डॉक्टर ती मागायला ऑफिसच्या साहेबांकडे गेले.

“प्रकाश बरोबर देतेय ना?” साहेबांनी विचारलं.

“देतेय, पण—”

“मग झालं तर! लाल झाली की बदलू. चालत्या माणसाला कुणी खांद्यावर घेतं का, डॉक्टर?”

साहेब वाईट नव्हते, नियमाने चालणारे होते. डॉक्टरांनी मंजुरीसाठी लेखी अर्ज टाकला आणि तोवर डबी तगावी म्हणून घरचा टेबलफॅन पिशवीत घालून आणला. ताप वाढला की डबी जास्त वीज खाते हे त्यांना ठाऊक होतं, आणि वरच्या फळीपर्यंत एसीची हवा काही पोचत नव्हती. त्यांनी स्टुलावर स्टूल रचलं, त्यावर पंखा चढवला आणि त्याचं तोंड डबीकडे केलं.

ऑफिसची करमणूक झाली. “डॉक्टर, पेशंटला पायही चेपून द्या!” हिशेबनीस म्हणाले. “रात्री अंगाई कोण म्हणतं?”

पण डबी निवली. ताप उतरला, वीज खाणं आवरलं, पिवळ्याचं हिरवं झालं. डॉक्टर त्या संध्याकाळी ताईशी इतके हसून बोलले, की ती म्हणाली, “गुंड्या, पगार वाढला वाटतं!”

दुसऱ्या दिवशी साहेब अर्ज हातात घेऊनच आले. पडद्याकडे पाहून म्हणाले, “ही तर ठणठणीत आहे!”

“साहेब, ते पंख्यामुळे.”

“पंख्यामुळे बरी झाली ना? मग पंखा राहू दे.”

कपाटातली डबी दुसऱ्या शाखेने मागितली होती. ती न्यायला गाडी बाहेर उभी होती. डॉक्टर धावत आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी पंख्याच्या बटणावर बोट ठेवलं. पंखा बंद केला असता तर थोड्याच वेळात डबी पुन्हा पिवळी झाली असती आणि साहेबांना दाखवता आलं असतं. पण तेवढ्या उकाड्यात ती मेलीच तर? संध्याकाळी ताई फोनकडे बघत बसेल. बोट बटणावर राहिलं. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, तो लांब गेला, आणि पंखा आपला फिरत राहिला.

डबी मेली ती भर दुपारी, पंख्याच्या वाऱ्यातच. पिवळी न होता थेट लाल झाली. त्या खोऱ्यातले मोबाईलचे टॉवरही त्याच तारेवर होते, त्यामुळे सगळंच मुकं झालं. साहेबांचा चेहरा पडला. त्यांनी मुख्य कार्यालयात फोनवर फोन केले, पण नवी डबी यायची तेव्हाच यायची होती. डॉक्टरांना वाटलं, सरळ उठून ताईकडे जावं. पण डबी आली तर बसवायला दुसरं कोण होतं? ते तिथेच बसून राहिले. चिडवायला कुणी आलं नाही. त्यानेच त्यांना जास्त भरून आलं.

आठवडा उलटून गेल्यावर डबी आली. डॉक्टरांनी ती बसवली, दिवा हिरवा झालेला पाहिला आणि खुर्चीत न बसताच कॉल लावला.

बाईंनी फोन समोर धरला. ताईने बराच वेळ पडद्याकडे पाहिलं. मग पदर सारखा केला, परका माणूस दारात आल्यावर करतात तसा.

“कोण आपण?”

“ताई, मी...” डॉक्टर पडद्याच्या अगदी जवळ सरकले. ताई घाबरून बाईंकडे बघू लागली. तेव्हा ते घाईघाईने म्हणाले, “मी लाइनवाला. लाइन सुरू झाली का, ते तपासतोय.”

“हां हां!” ताईचा चेहरा उजळला. “बरं झालं बाई! कधीची बंद होती. माझा भाऊ रोज फोन करतो हो, त्याला लागत नसेल. जिवाला लावून घेतो तो लगेच.”

“आता लागेल,” डॉक्टर म्हणाले.

“उद्या पुन्हा तपासाल ना? याच वेळेला करतो तो.”

“तपासतो.”

“या मग,” ताई म्हणाली आणि फोन कसा बंद करायचा ते बाईंना विचारू लागली.