कमरेकडे पाहणारा

१४ ऑक्टोबर २००६, शनिवार, सकाळी साडेआठ. अमेरिकेतल्या हर्नडन गावच्या मैदानावर माझ्या मुलाच्या ऑफिसमधली मंडळी फुटबॉल खेळायला जमली होती आणि एक जण कमी होता. मैदानाची देखभाल करणारा स्लोव्हेनियन प्रथमच उतरायला तयार झाला. मायदेशी तो गुडघा दुखावेपर्यंत अकरा वर्षे बचावपटू होता. बोलताना तो माणसाच्या चेहऱ्याकडे पाहत नसे, कमरेकडे पाही. चेंडू फसवतो, समोरच्याची कंबर फसवत नाही, असे त्याने मला एकदा सांगितले होते.

"आज गुडघा टिकला, तर दर शनिवारी खेळेन," तो म्हणाला.

"काका, ह्यांना सांगा, टॅकल जरा हळू. सोमवारी सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, पाय मोडून चालणार नाही," मुलाचा मित्र हसत म्हणाला.

दहाव्या मिनिटाला तोच मित्र चेंडू घेऊन अंगावर आला. तो कुठे वळणार हे आमच्या बचावपटूने अचूक ओळखले, पण पाय उशिरा पोहोचला. तो घसरून पडला आणि गोल झाला.

"तुम्ही बरोबर ओळखले होते," मी म्हणालो.

"तेच वाईट," तो म्हणाला.

उरलेला वेळ तो रेषेबाहेर उभा राहिला. मंडळी गेल्यावर त्याने घसरताना उखडलेली हिरवळ जागेवर बसवली, धडधाकट पायाने दाबली आणि तिच्यावर पाणी घातले.