सहा घरं आणि एक ओली भिंत

जुन्या घरात आठवणी साठतात, नव्या घरात तक्रारी. तक्रारी मिटल्या की मात्र त्यांचेच किस्से होतात, आणि मग ते कुणी ना कुणी सांगतच राहतं. वैनगंगेकाठच्या कारध्याच्या पुढे आमची सहा घरांची छोटीशी कॉलनी आहे. संध्याकाळी रामटेके सरांच्या ओट्यावर चहा आला की कुणीतरी म्हणतंच, "प्रभाकरभाऊंची ती गोष्ट काढा ना."

प्रभाकरभाऊ म्हणजे आमचे बिल्डर. सहाही घरं त्यांनीच बांधली, एकाच नकाशाची. त्यामुळे घरांचे दोषही सख्ख्या भावंडांसारखे. तरी आज आम्ही या माणसाचे मनापासून आभार मानतो. कसे, ते ऐका.

*

पहिला मान रामटेके सरांचा. सर शाळेतून रिटायर झाले, पण तपासणीची सवय गेली नाही. चाव्या हातात आल्या त्याच दिवशी त्यांनी खिशातून एक कंची, म्हणजे काचेची गोटी, काढली आणि बाथरूमच्या फरशीवर ठेवली. कंची कोपऱ्यातल्या नाणीच्या जाळीकडे, जिथून पाणी जातं तिकडे, जायची सोडून दारातून बाहेर पडली आणि बेडरूममध्ये पलंगाखाली गेली.

प्रभाकरभाऊ शांतपणे म्हणाले, "सर, कंची गोल हाय. ते कुठंही जाते."

सरांनी एक बादली पाणी ओतलं. पाणीही पलंगाखालीच गेलं.

"पाणी तर गोल नाही ना, भाऊ?"

फरशी उखडली, उतार नव्याने काढला. मिस्त्रीने या वेळी मनावर घेऊन काढला. सर आता सांगतात, "पाणी एका झटक्यात जाते. फक्त आंघोळीले बसलो का एका हातानं नळ धरून ठेवा लागते, नाहीतर मीबी स्टूलासकट नाणीत."

*

प्रभाकरभाऊंना फोन लावला की ते नेहमी वैनगंगेच्या पुलावर असायचे. "पुलावर आहो, आवाज येऊन नाही राहिला," म्हणायचे आणि फोन कट. आम्हाला वाटायचं, या माणसाने राहायलाही पुलावरच बांधलं असेल.

शेजारचे लांजेवार वरठीला कारखान्यात जातात, मोटारसायकलने. त्यांच्या किचनच्या सिंकमधून पाणी उतरत नव्हतं. एकदा ड्युटीवरून येताना त्यांनी फोन लावला. पलीकडून नेहमीचं उत्तर आलं, "पुलावर आहो ना, लांजेवार. मागून बोलतो."

लांजेवारांनी पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली.

"भाऊ, पुलावर तर मीच उभा आहो. तुमी कोणत्या पुलावर आहा?"

मग प्रभाकरभाऊ म्हणाले, "घरी जा. येतो."

आणि आले. सिंकच्या पाइपात सिमेंटच्या गोणीचा तुकडा अडकला होता. तो त्यांनी स्वतः वाकून काढला. हे त्यांचं वैशिष्ट्य. यायला त्यांना जड जायचं, पण एकदा आले की हात झटकून गेले नाहीत.

*

आता आमचं घर. आंधळगावला आई एकटी राहायची. बाबा गेल्यावर मी तिला आग्रहाने इकडे आणली. तिला दमा आहे, इथे मेडिकलचं दुकान माझंच, डॉक्टर जवळ. ती आली, पण लोखंडी पेटी तिने दाराजवळच ठेवली, उघडलीच नाही. येताना पिशवीत आणलेली दोनच लुगडी रोज आलटून पालटून नेसायची.

त्यात आमच्या स्वयंपाकघरातला धूर ओढायचा पंखा आपोआप सुरू व्हायचा आणि आपोआप बंद व्हायचा. आई घाबरली. "घरात मी एकटी, मंग पंखा कोण चालवून राहिलं?"

चालवत होत्या लांजेवार वहिनी! भिंत सामाईक, आणि वायरमनने आमचा पंखा त्यांच्या बटणाला जोडला होता. वहिनी वरणाला फोडणी देत, पंखा आमच्याकडे फिरे.

प्रभाकरभाऊंनी वायर बदलून दिली. त्यानंतर काही दिवसांनी वहिनी आईला म्हणाल्या, "काकू, आता तुमचा पंखा माह्या हातात नाही, तर करमून नाही राहिलं." आणि तेव्हापासून त्यांच्याकडे काही खमंग झालं की वाटीच येते आमच्याकडे.

*

पण खरा प्रश्न आईच्या खोलीचा होता. पलंगामागची भिंत ओली असायची. आधी ओंजळीएवढा डाग होता, मग तो वाढत गेला. खोलीत कोंदट वास येऊ लागला आणि आईचा दमा उसळला. प्रभाकरभाऊ पेंटर पाठवायचे. पेंटर पुट्टी भरून छान हिरवा रंग मारायचा, आणि थोड्या दिवसांनी भिंत पुन्हा घामेजायची.

"नवीन घर हाय, अंगातलं पाणी काढते," असं त्यांचं निदान होतं.

आई एके दिवशी पेटीवर हात ठेवून म्हणाली, "आंधळगावची भिंत मातीची हाय, पण कोरडी हाय. मले तिथंच नेऊन सोड." तिकडे एकटीला रात्री-बेरात्री धाप लागली तर कोण धावणार होतं?

रामटेके सर म्हणाले, "ग्राहक कोर्टात जाऊ." मी तयार झालो. आईने अडवलं.

"कोर्टात काहून जाता? जवळ मंडई येऊन राहिली. त्याले जेवाले बोलवा."

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी जत्रेसारखी मंडई भरते आणि घराघरांत पाहुणे जेवायला येतात. मंडईचं आवतन कुणी मोडत नाही. आईने स्वतः फोन केला. प्रभाकरभाऊ त्या वेळी पुलावर नव्हते. "येतो, काकू," म्हणाले.

*

मंडईच्या दिवशी ते कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. आईने सतरंजी तिच्या खोलीत अंथरली, अगदी त्या भिंतीला लागून. "बस बाबू, आरामानं टेकून बस."

चिन्नोर तांदळाचा भात, मटणाचा रस्सा, वडे. आई हळूहळू वाढत होती. ताट रिकामं झालं की "आणखी थोडं घे." प्रभाकरभाऊ टेकून निवांत जेवत होते. हे सगळं तिने मुद्दाम केलं का, ते मी आजवर विचारलेलं नाही.

जेवून ते मंडईत गेले आणि लगेच परत आले. अंगात बनियन, हातात शर्ट. शर्टाची पाठ ओलीचिंब आणि हिरवीगार. मंडईतल्या कुणीतरी त्यांना विचारलं होतं, "भाऊ, पाठीवर शेवाळ कवा चढलं?"

"काकू, भिंत इतकी ओली हाय, हे मले कोणी सांगितलं काहून नाही?"

"सांगूनच राहिलो, बाबू. आज तुह्या पाठीले कळलं."

दुसऱ्या दिवशी ते मिस्त्री घेऊन आले आणि भिंत फोडली. आतल्या पाइपाच्या एका जोडाला चिकटवायचं सोल्यूशन लावलंच नव्हतं. प्रभाकरभाऊ तो जोड हातात धरून उभे राहिले. "काकू, माह्या हातानं नाही झालं, पण माह्याच घरात झालं." मग कुणी न सांगता त्यांनी उरलेल्या पाचही घरांतला तोच जोड उघडून पाहिला. त्या दिवशी आम्हा सगळ्यांचा राग गेला तो गेलाच.

*

भिंत वाळली. आईची धाप कमी झाली. पेटी मात्र दाराजवळच होती.

पुढच्या मंडईला आईने पुन्हा आवतन दिलं. प्रभाकरभाऊ आले ते नवाकोरा पांढरा शर्ट घालून. सतरंजी कुठे टाकायची हे त्यांनीच दाखवलं. जेवण होईपर्यंत ते भिंतीला पाठ घट्ट लावून बसले. हात धुतले, आईसमोर आले आणि पाठ करून उभे राहिले.

"पाहा काकू."

आईने चष्मा लावला. खांद्यापासून कमरेपर्यंत त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, आपल्या लेकराच्या फिरवावा तसा. मग मला म्हणाली,

"माह्या पेटीतले लुगडे काढ रे. कपाटात ठेव."