गाव पाहायचं ते पौर्णिमेला

चांदण्यात समुद्रकिनाऱ्याचा फोटो कसा काढायचा, हे मी मोबाइलवर व्हिडिओ बघबघून पाठ केलं. भरती कधी, ओहोटी कधी, चंद्र कुठल्या बाजूला ठेवायचा, ओली वाळू कशी चमकते, सगळं. अडचण एवढीच होती की आमच्या बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही. आमच्याकडे किनारा असतो तो धरणाचा. त्याला वर्षातून एकदाच ओहोटी येते, उन्हाळ्यात, पाणी कालव्यानं जाऊन आणि उन्हानं आटून. आणि ती आली की माझ्या आईचं माहेर वर येतं.

माहेर म्हणजे आता फक्त बुद्धविहाराचं दगडी जोतं. धरण झालं आणि गाव उठलं तेव्हा मी कडेवर होते. लोकांनी घरांची दारं, पत्रे, वासे काढून नव्या गावठाणात नेले आणि मातीच्या भिंती पाण्यात विरघळून गेल्या. जोतं मात्र गावानं स्वतः दगड वाहून बांधलेलं होतं. ते काही हललं नाही. उन्हाळ्यात उघडं पडतं, पाऊसपाणी सुरू झालं की पुन्हा बुडतं.

आम्ही अमडापूरला राहतो आणि माझा फोटो स्टुडिओ चिखलीत आहे. लग्न, हळद, बारसं, साक्षगंध, जे येईल ते. पंचक्रोशीतल्या निम्म्या नवऱ्या माझ्यासमोर लाजल्या आहेत. पण आईच्या गावाचा एकही फोटो नव्हता, कारण गाव होतं तेव्हा गावात कुणाकडे कॅमेराच नव्हता.

हे सगळं निघालं ते मामांमुळे. नव्या गावठाणात नवं विहार बांधून होत आलं होतं आणि आषाढ पौर्णिमेला त्याचं उद्घाटन ठरलं होतं. आतल्या एका भिंतीवर जुन्या गावाचं मोठं चित्र लावायचं ठरलं. मामा कमिटीत. ते सरळ फ्लेक्सच्या दुकानात गेले आणि तिथल्या पोराच्या कॉम्प्युटरमधून एक डिझाइन पसंत करून आले. मला मोठ्या कौतुकानं मोबाइलवर दाखवलं. निळंशार पाणी, वर चंद्र, काठाला वाकलेली नारळाची झाडं आणि शिडाची होडी.

"मामा, आपल्या गावात नारळ व्हते का?"

"थे काढून टाकतो म्हने थो."

"आन् होडी?"

"राहू दे ना होडी. पानी हाये, चंद्र हाये, आनखी काय पाह्यजे तुले?"

माझं डोकंच फिरलं. ज्या गावाच्या बायांनी जन्मात होडी पाहिली नाही, त्यांच्या विहारात हे लावणार! मी तिथल्या तिथे सांगून टाकलं की फोटो मी काढते, आणि खरा काढते. मामा म्हणाले, "काढजो. पन आषाढाच्या आत नाई जमलं तं नारळ लागले म्हून समज." मला चिडवायचं असलं की मामांना दुसरं काही सुचत नाही.

त्या वर्षी पाणी लवकर उतरलं. जोत्याचा माथा दिसायला लागला तशी मी एका सकाळी जाऊन चांगले स्वच्छ फोटो काढून आणले आणि आईपुढे ठेवले. आईनं चष्मा लावला, पाहिलं आणि परत दिले.

"हे तं गाळ हाये नुसता. माहं गाव असं नवतं."

"इतकी वर्षं पान्यात राह्यलं आई, मंग कसं दिसन?"

"तसं नाई म्हनत मी. दिवसा गाव पाह्यलं कोनं वं? तांबडं फुटाच्या अगोदर वावरात जाय, अंधार पडला का घरी ये, आन् आल्याबरोबर चुलीपाशी. पौर्णिमेले तेवढं मोकळं. पांढरं लुगडं नेसून विहारात बसलं का समोर सारं गाव दिसे. म्या गाव पाह्यलं ते पौर्णिमेलेच."

एवढं बोलून ती भाजी निवडायला लागली. मी मात्र हट्टाला पेटले. पौर्णिमा तर पौर्णिमा. फ्लॅश नाही, लाइट नाही, चंद्राच्या उजेडात जे येईल ते. हिशेब सोपा होता. चैत्राची एक आणि वैशाखाची एक, एवढ्या दोनच पौर्णिमा हातात होत्या. ज्येष्ठात जोतं वर राहील याचा भरवसा नव्हता.

चैत्री पौर्णिमेला मामांना घेऊन गेले. जोत्याभोवती अजून पाणी होतं. स्टँड गाळात घट्ट रोवला, शटर चांगलं अर्धा मिनिट उघडं ठेवलं आणि फोटो आला तो पाहून मीच खूश झाले. दगडन् दगड दिसत होता. पाणी दिसत होतं, पलीकडच्या बाभळी दिसत होत्या, आभाळ कसं निळं होतं. घरी येऊन आईच्या पुढे लॅपटॉप धरला.

"आत्ताचा हाये का हा?"

"हाव. आत्ताच काढला."

"मंग ऊन काऊन पडलं?"

मी पुन्हा पाहिलं. खरंच ऊन पडलं होतं. कॅमेऱ्याला रात्र कळत नाही. शटर उघडं ठेवलं की तो चांदणं साठवत बसतो आणि पुरेसं साठलं की त्याचा दिवस करतो. नीट निरखलं तर आभाळात चांदण्या होत्या, एवढाच काय तो रात्रीचा पुरावा. आणि यात कॅमेऱ्याचा दोष नव्हता, माझ्या हाताच्या सवयीचा होता. लग्नाच्या फोटोत अंधार चालत नाही. नवरदेव जरा सावळा आला तर अल्बम परत येतो. सगळं उजळ, सगळं गोरं करायचं, यातच माझी वर्षं गेली. काळोख दिसला की माझी बोटं आपोआप तो घालवायला धावतात.

दुसऱ्या दिवसापासून मी गच्चीवर तालीम सुरू केली. चंद्र अजून बराच मोठा होता. आईची विहारात नेसायची पांढरी साडी दोरीवर टाकली आणि तिचेच फोटो काढत बसले. आई खाटेवर बसून परीक्षक झाली.

"अजून दिवसच हाये."

"आता?"

"आता अमोशा झाली."

असं चाललं. मला इतका राग येत होता म्हणून सांगू! जिनं आयुष्यात कॅमेऱ्याला हात लावला नाही ती मला नापास करत होती, आणि तिचंच म्हणणं बरोबर आहे हे मला दिसत होतं, म्हणून राग जास्त. शेवटी एका फोटोला ती म्हणाली, "हं. आता झालं बरोबर." साडी पांढरी होती, पण चमकत नव्हती. कठड्याची फक्त वरची कड दिसत होती. बाकी अर्ध्याच्या वर फोटो काळा. असा फोटो मी गिऱ्हाइकाला दाखवायची हिंमत केली नसती.

"आई, बाकीचं काईच नाई दिसत ना पन."

"चांदन्यात दिसतच नाई. आपल्याले ठाव असते थे तेवढं दिसते."

शटर तेवढंच, अर्धा मिनिट उघडं; फक्त उजेड आत येण्याचं भिंगाचं भोक बारीक केलेलं. तो आकडा मी ध्यानात ठेवला. पण त्याच रात्री दुसरी गोष्ट डोक्यात शिरली. इतका अंधार ठेवला तर जोतं दिसणार कसं? दिसलं तरी ते कुठल्याही गावचं जोतं वाटेल. गच्चीवर फोटो जमला होता तो साडीमुळे. जोत्यावर पांढऱ्या साड्या हव्या होत्या. म्हणजे त्या गावच्या बाया हव्या होत्या.

मामांकडे जाऊन हे सांगितलं तर त्यांनी हातच जोडले. बुद्ध पौर्णिमेला गावठाणात कार्यक्रम, भाषणं, खीर. त्यात म्हाताऱ्या बायांना धरणात नेऊन गाळात बसवायचं? जनावर निघालं तर? कुणी पाय घसरून पडलं तर? आणि गुडघ्यांचं काय? मी एकेकाचं उत्तर देत होते, मामा ऐकत नव्हते. मामी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"गुडघे तुमचे दुखून राह्यले का आमचे?"

मामा म्हणाले, "तसं नाई..."

"मंग ट्रॅक्टरमंधी डिझेल टाका. खीर येऊन खाऊ."

विषय संपला. मामींनी निरोप पाठवले. गावच्या लेकी अमडापुरात होत्या, उंद्रीला होत्या, एक तर थेट रोहिणखेडला होती. बुद्ध पौर्णिमेच्या दिवशी संध्याकाळी सगळ्या पांढऱ्या साड्या नेसून ट्रॉलीत बसल्या, आई त्यांच्यात. मामा ट्रॅक्टर चालवत होते आणि सारखे आभाळाकडे बघत होते, कारण दुपारपासून ढग जमले होते. मी कॅमेरा मांडीवर घेऊन बसले होते आणि आभाळाकडे मुद्दाम बघत नव्हते.

जोतं आता पूर्ण उघडं होतं, पाणी मागे सरकलं होतं आणि गाळ वाळून भेगाळला होता. मी नेहमीप्रमाणे सुरू केलं, उंच बाया मागे, बुटक्या पुढे. कुणी ढुंकून पाहिलं नाही. ज्या त्या आपापल्या जागी जाऊन बसल्या, जिथे त्या पूर्वी बसत होत्या तिथे. आई तेव्हा पोर होती, म्हणून ती सगळ्यांत पुढे, पोरींच्या ओळीत, अगदी मधोमध. पिकल्या केसांची ती पोरींची ओळ बघून मला हसू आलं.

चंद्र कासराभर वर आला आणि ढगात गेला. आम्ही थांबलो. तो निघाला, मी बटणाला हात लावेपर्यंत पुन्हा गेला. मामा म्हणाले, "पोरी, वारं सुटलं. पानी येईन. चाला आता."

"मी नाई हालत."

"बाया भिजतीन."

"मामा, हा चंद्र गेला तं नारळ लागते तठी. मी हालत नाई म्हन्जे नाई."

बायांनी वंदना म्हणायला घेतली. पहिल्यांदा हळू, मग मोकळ्या आवाजात. उघड्या धरणात तो आवाज पार पाण्यापर्यंत जात होता. वंदना संपली, सगळ्या डोळे मिटून शांत बसल्या आणि ढगाची कड फाटली. मी ओरडले, "अर्धा मिनिट कोनी हालू नका!" आणि शटर उघडलं. मग माझे डोळे होते फक्त चंद्रावर आणि त्याच्याकडे सरकत येणाऱ्या पुढच्या ढगावर. शटर मिटलं आणि पाठोपाठ ढगानं चंद्र गिळला.

स्क्रीनवर फोटो आला. पाण्याची करडी पट्टी. जोत्याची कड. तिच्यावर शांत बसलेल्या पांढऱ्या बाया. बाकी सगळा हवा तितका अंधार. जीव भांड्यात पडला. आणि मग दिसलं की पुढच्या ओळीत मधोमध जागा रिकामी आहे.

हे असं होतं. अर्धा मिनिट बसून राहिलेला माणूस फोटोत येतो, चालणारा येत नाही. तो कुठेच पुरेसा थांबलेला नसतो. म्हणजे मी ओरडले त्याच वेळी आई उठून गेली होती.

"आई कुठी हाये?"

ती आली डावीकडच्या अंधारातून, चपला हातात धरून, पाण्याकडच्या ओल्या गाळानं पाय घोट्यापर्यंत भरलेले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन महिने मी जिच्यासाठी जिवाचा आटापिटा केला, तीच एक फोटोत नाही! सगळ्यांदेखत मी तिला नाही नाही ते बोलले. ती एवढंच म्हणाली, "जराशी जाऊन आली." मग थेंब पडायला लागले. चंद्र काही पुन्हा निघाला नाही आणि आम्ही भिजत परत आलो.

मामांचं म्हणणं पडलं की आईला फोटोत बसवून टाक. लग्नात उशिरा आलेले काका मी कित्येकदा असे ग्रुप फोटोत उभे केले आहेत, कुणाला पत्ता लागलेला नाही. दुसऱ्या रात्री आभाळ मोकळं होतं. मी आईला गच्चीवर पांढऱ्या साडीत बसवून तसाच फोटो काढला आणि रिकाम्या जागी चिकटवला. सावलीसुद्धा बरोबर पाडली. काम इतकं बेमालूम झालं होतं की मीच माझ्यावर खूश. लॅपटॉप तिच्यापुढे ठेवला.

ती बराच वेळ पाहत होती. एकेक बाई ओळखून बोट लावत गेली आणि स्वतःपाशी थांबली.

"ही कोन?"

"तू."

"मी नवती तठी."

"मले माहीत हाये आई. पन तुह्याच गावचा फोटो, आन् तूच नाई त्याच्यात?"

"हाये ना मी. बाकीच्या विहारात बसल्या, मी घरी गेली व्हती. दारापाशी उभी राह्यली जराशी. आता तठून मले काऊन उठवून आनतं वं?"

तिच्यासमोरच मी तिला फोटोतून काढलं.

मग तिथूनच स्पीकर लावून मामांना फोन करून सांगितलं की फोटो तयार झाला, पण आईला मी बसवलेलं नाही. ते चिडलेच. "काऊन?"

"त्या वक्ताले ती घरी गेली व्हती, मामा. आपल्या घरी."



"पुढल्या दारानं गेली का मांगच्या?" मामांनी विचारलं.

आईनं माझ्या हातातून फोन काढून घेतला.