सव्वा तासाची पाटी

पेंटरला चर्चच्या मंडळीत सगळे ‘सव्वा तास’ म्हणत, आणि उगाच नाही म्हणत. सहा वर्षांपूर्वी पाळकसाहेबांनी त्याला मोठ्या विश्वासाने उपदेशाला उभं केलं, तर हा गडी थेट जगाच्या उत्पत्तीपासून सुरू झाला! जलप्रलयापर्यंत पोचायलाच चाळीस मिनिटं. मागच्या बाकांवर लोक चक्क घोरत होते. मेव्हणा पडला घड्याळजी, त्याने वेळ मोजली आणि बाहेर पायरीवर जाहीर करून टाकली, “दाजी, सव्वा तास! मिनिट इकडे नाही की तिकडे नाही.”

मंडळी पोट धरून हसली आणि पेंटरच्या डोक्यात तिडीक गेली. चारचौघांत तो ओरडला, “देवळाच्या या दारात पुन्हा तोंड दाखवू नकोस!” मेव्हण्याने ते शब्दशः पाळलं. तो गेला तो गेलाच, नाव मात्र पेंटरला चिकटून राहिलं.

आणि या गुरुवारी पाळकसाहेबांचा घसा बसला. पेंटर शिडीवर चढून एका दवाखान्याची पाटी रंगवत होता. खाली उभे राहून ते कसेबसे घोगऱ्या आवाजात म्हणाले, “रविवारी तुम्ही. शंभरातल्या एका हरवलेल्या मेंढराचा दृष्टांत. पंधरा मिनिटं. पंधरा!”

पेंटरच्या हातातला ब्रश डब्यात बुडाला. नाव पुसायची संधी स्वतःच्या पायांनी चालत आली होती! घरी येईपर्यंत तो जवळजवळ पळतच होता.

“पंधरा मिनिटांत तुमचा नुसता घसा साफ होईल,” बायको म्हणाली.

शुक्रवारी दुपारपर्यंत चौदा पानं भरली. मेंढरांच्या जाती, लोकरीचे उपयोग, मेंढपाळाची काठी, काही म्हणून सुटलं नव्हतं. बायकोने पानं चाळली आणि कपाळाला हात लावला. “अहो, हे तर तुमचं केशकर्तनालय झालं!”

ही घरातली जुनी थट्टा. पेंटर नवशिका असताना त्याने एका न्हाव्याची पाटी डावीकडून ऐटीत रंगवायला घेतली. ‘केशकर्तना’ झालं आणि फळीच संपली. ‘लय’ बिचारं खाली कोपऱ्यात, शाळेतून हाकलल्यासारखं. तेव्हापासून तो आधी अक्षरं मोजतो, फळीचा मध्य काढतो, मगच खडू टेकवतो.

“थांब, थांब, थांब!” पेंटर ताडकन उठला. “मी डावीकडूनच सुरू केलं गं! मध्य काढलाच नाही!”

चौदा पानं गेली बाजूला. कोपऱ्यातली कोरी फळी त्याने भिंतीला टेकवली आणि मधोमध खडूची रेघ मारली. धावत्या बसमधल्या माणसाला एका नजरेत काय वाचता आलं पाहिजे? एवढंच लिहायचं. तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. चौथ्यांदा जमलं: ‘नव्याण्णव म्हणजे शंभर नव्हे.’

“वा!” बायकोच्या तोंडून निघून गेलं.

मग काय, गडी पेटला! डावीकडे मेंढपाळ संध्याकाळी मोजतो. मध्ये आपल्याच धंद्यातला दाखला, पाटीवरचं एक अक्षर गळलं तर सारा गाव तेवढंच वाचतो. उजवीकडे, मेंढपाळ शोधायला निघतो. दोन्ही कडांना मोकळी जागा, म्हणजे लोकांना श्वास घेता येईल.

“आणि शेवट?” बायकोने विचारलं.

“शेवट सोपा. हरवलेल्याला शोधायला जा म्हणायचं.”

“कोण जाणार?”

“मंडळी जाईल की.”

बायको फळीकडे बघत राहिली. “आमचा धाकटा भाऊ सहा वर्षं देवळात आलेला नाही,” ती हळूच म्हणाली.

पेंटरचा हात तिथेच थांबला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नाव पुसायच्या नादात माणूसच पुसला गेला होता, आणि पुसणारा तो स्वतः.

शनिवारी सकाळी तो मेव्हण्याच्या दुकानात जाऊन उभा राहिला. मेव्हणा डोळ्याला भिंग लावून एका घड्याळावर वाकला होता.

“त्या दिवशी मी चुकलो,” पेंटर म्हणाला. “उद्या माझा उपदेश आहे. तू ये. वेळ तूच मोज.”

मान वर न करता मेव्हण्याने विचारलं, “किती मिनिटं, दाजी?”

“पंधरा.”

“अशक्य,” मेव्हणा म्हणाला. येतो म्हणाला नाही, येत नाही असंही म्हणाला नाही.

रविवारी पेंटर उपदेशाला उभा राहिला. बायकोशेजारची जागा रिकामी होती. त्याने तोंड उघडलं आणि दार करकरलं. मेव्हणा आत आला, बहिणीशेजारी बसला आणि खिशातून शर्यतीत वेळ मोजायचं घड्याळ काढून त्याने ते मुद्दाम उंच धरून दाखवलं. मंडळीत खसखस पिकली. पेंटरला इतका आनंद झाला की पहिलं वाक्य तो दोनदा बोलला!

मग मात्र फळीवर होतं तेवढंच बोलला. शेवटी म्हणाला, “सहा वर्षं मी नव्याण्णव मोजून शंभर म्हणत होतो. काल शोधायला गेलो. आमेन.” आणि खाली बसला.

बाहेर पायरीवर सगळ्यांनी मेव्हण्याला घेरलं. “किती झाला? सांग ना, किती झाला?”

मेव्हण्याने घड्याळ पुढे केलं. काटा शून्यावर होता.

“ऐकता ऐकता चालू करायचंच राहिलं, दाजी,” तो म्हणाला.