डोंगराचं वेळापत्रक

माझा मामा छत्तीस वर्षं बस आगाराच्या वेळापत्रक विभागात होता. कुठली गाडी किती वाजता सुटणार, कुठल्या थांब्यावर किती मिनिटं टेकणार, हे ठरवणं त्याचं काम. आगारात त्याला सगळे 'काटा' म्हणत आणि त्याला ते कौतुक वाटे. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. गाड्या हातून गेल्या, पण घरातली माणसं हाताशी होतीच. आंघोळीला बारा मिनिटं. चहा पाच चाळीसला. पाच अडतीसला कप पुढं केला तर मामा दोन मिनिटं त्याच्याकडं नुसता बघत बसतो. मी त्याची भाची, दोन गल्ल्या सोडून राहते आणि रोज ऑफिसमधून परस्पर त्याच्याकडं चहाला जाते, तेव्हा हे डोळ्यांनी पाहिलेलं सांगते आहे.

मामी शाळेचे गणवेश शिवणाऱ्या दुकानात कामाला होती. तिसऱ्या मजल्यावर, खिडकीशी तिचं मशीन. बारीक टाक्यांनी डोळे शिणले की लांबचं काहीतरी बघायचं, असं तिला डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलेलं. आणि लांबचं म्हणजे समोरचा डोंगर, पायथ्यापासून माथ्यापर्यंत झाडीनं गच्च भरलेला. अठ्ठावीस वर्षं तिनं तो बघितला आणि एकदाही त्यावर पाय ठेवला नाही. कधी मुलीची परीक्षा आडवी आली, कधी मामाच्या जादा गाड्या. दुकान सुटलं, तर उजवा गुडघा कुरकुरायला लागला. गेल्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, "डोंगर चढायचाच असेल तर महिन्याभरात चढून घ्या. पुढच्या वर्षीचं मी काही सांगत नाही."

घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधी मामीनं जाहीर केलं, "मला वर जायचंय." मामी स्वतःसाठी काही मागत नाही, त्यामुळं मामा खुर्चीतून उठूनच उभा राहिला.

डोंगर तसा सोपा. साडेचार किलोमीटरची पायवाट, मध्यावर एक बाक. शाळेच्या सहली सकाळी जातात आणि दुपारपर्यंत डबे रिकामे करून खाली येतात. पण मामाच्या हाती पडलेलं काहीही सोपं राहत नाही. त्यानं कपाटातून आलेख कागद काढले, लाल-निळ्या पेन्सिली काढल्या आणि जेवायचं टेबल ताब्यात घेतलं. आठ दिवस आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवलो. जायची गाडी सकाळची, पायथ्याशी साडेसातला पोचणारी. परतीची शेवटची साडेचारला. ही साडेचारची गाडी बावीस वर्षांपूर्वी मामानंच सुरू करवली होती, त्यामुळं तिचा विषय निघाला की चांगल्या घरी दिलेल्या लेकीबद्दल बोलावं तसा तो बोलतो.

आता नवीन मार्गावर गाडी सोडायची तर आधी ती प्रत्यक्ष चालवून वेळ मोजतात. मामानं मामीला तेच लावलं. बागेतल्या तळ्याभोवती एक फेरी म्हणजे बरोबर एक किलोमीटर. रोज संध्याकाळी दोघं तिथं फिरायला जातात. मामानं खिशात स्टॉपवॉच ठेवलं आणि मामीला ताकास तूर लागू दिली नाही. अर्धी फेरी झाली की मामी म्हणायची, "थांबा हो जरा, गुडघा," आणि बाकावर टेकायची. मामा नाक पुसायच्या निमित्तानं पाठ फिरवून वहीत मिनिटं लिहायचा.

नवव्या दिवशी मी चहाला गेले तर फ्रिजवर कागद चिकटवलेला. वर लाल अक्षरात, 'फेरी रद्द.'

"हे काय?" मी विचारलं.

"नाइलाज आहे," मामा म्हणाला. "सपाटीवर किलोमीटरला तीस मिनिटं. चढावर दुप्पट धर. गुडघ्याच्या थांब्यांचा वेगळा एक तास. वर पोचायला दुपारचा एक. उतरायला चार तास. म्हणजे पायथ्याशी पाच वाजून पाच मिनिटं. साडेचारची गाडी गेलेली असणार."

"आणि वर किती वेळ?"

"पाच मिनिटं."

"पाच मिनिटं?"

"शेवटच्या थांब्यावर पाचच देतात. गाडी वळवायला."

मामी कणीक मळता मळता बाहेर आली. हात कोपरापर्यंत पांढरे. तिनं कागद वाचला. "तीस मिनिटं कुठून आणलीत?"

मामानं अपराध्यासारखं स्टॉपवॉच टेबलावर ठेवलं आणि वही उघडली. मामीनं आठ दिवसांचे आकडे पाहिले. मला वाटलं, आता ती घर डोक्यावर घेणार. मी माझा कप सुरक्षित जागी सरकवला.

पण ती खुर्ची ओढून बसली. "अहो, ही चाल माझी नाही," ती म्हणाली. "तुमची आहे."

"माझी? मी तर तुझ्यासाठी थांबत होतो."

"तळ्याला अर्धी फेरी झाली की तुम्हाला धाप लागते. तोंडानं श्वास घेता, ओठ पांढरे पडतात. 'दम लागला' असं म्हणाल तर शपथ! म्हणून मी गुडघा पुढं करते. गुडघा दुखतो, खोटं नाही. पण एवढा नाही."

"कधीपासून?"

"वर्ष होईल."

मामानं वही मिटली. मग उठला, स्टॉपवॉच घेतलं आणि म्हणाला, "चल. एकटी चालून दाखव."

आम्ही तिघं बागेत गेलो. मामा आणि मी फाटकाशी थांबलो. मामीनं पदर खोचला, मनगटावरची वाळलेली कणीक झटकली आणि निघाली. ती अशी चालते हे मला माहीतच नव्हतं. वळणावर दोन ओळखीच्या बायकांनी हाका मारल्या, त्यांनाही तिनं नुसता हात केला. परत आली तेव्हा मामानं बटण दाबलं. बारा मिनिटं. त्यानं घड्याळ कानाशी धरलं, जणू चूक घड्याळाचीच असणार. मग ते मला दाखवलं, आणि त्याचा चेहरा मला बघवेना. छत्तीस वर्षांत त्याचा आकडा कुणी खोटा पाडला नव्हता. आणि इथं त्याला वर्षभर सांभाळून घेणारं माणूस शेजारीच चालत होतं.

घरी आल्यावर मामी अर्धवट राहिलेल्या कणकेकडं वळली आणि मामानं नवा कागद घेतला. "तू आणि ही भाची, दोघी पुढं जा," तो म्हणाला. "मी मधल्या बाकापाशी उतरतो. साडेदहाला तुम्ही वर."

मी मामीकडं पाहिलं. वाटलं, आता ती म्हणणार, तुमच्याशिवाय कशाला जाऊ.

"जाणारच," मामी म्हणाली. "आणि पाच मिनिटांत वळायला मी काही गाडी नाही. डबा तिथंच खाणार, मग आडवी होणार. पण हे सगळं रविवारी. शुक्रवारी तुम्ही डॉक्टरकडं जायचं. ते हो म्हणाले तरच बाक, नाहीतर तुम्ही घरी."

"शुक्रवारी मला विजेचं बिल..."

"शुक्रवारी तुम्हाला काही नाही."

मामानं पेन्सिल उचलली. कागदाच्या अगदी वर, सकाळच्या बसच्याही वर थोडी जागा होती. तिथं त्यानं लिहिलं, 'शुक्रवार, दहा वाजता, डॉक्टर.' कागद सरकत होता, तो मामीनं कणकेच्या हातानंच दाबून धरला.

"दवाखाना दुसऱ्या मजल्यावर आहे," मामा खाली बघत म्हणाला. "जिना आहे. तू येशील बरोबर?"

"येईन की," मामी म्हणाली. "तुमच्या चालीनं."